ओढ्याकाठचे लांब पायांचे पाहुणे

पक्षी पाहणे हा मोटारवाल्या, सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असा आपल्या वस्त्यांमधून सर्वसाधारण समज आहे. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर खाकी टोपी आणि थंडीच्या दिवसांत भिगवणची सहल. हा समज अगदीच खोटा आहे असे म्हणता येणार नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते पाहायला पुण्यामुंबईहून गाड्या लागतात. हिंजवडीहून भिगवण शंभर किलोमीटरहून जास्त. चार माणसांच्या कुटुंबाने जायचे म्हटले तर गाडीभाडे, नावेचे भाडे आणि जेवणखाण धरून महिन्याच्या किराण्याचा हिशेब कोलमडतो.

पण वाचक बंधुभगिनींनो, भिगवणच्या त्या मानकऱ्यांचे सगेसोयरे आपल्या घरामागच्या ओढ्यात उभे असतात, हे किती जणांना ठाऊक आहे? गेली काही वर्षे आम्ही वस्तीतील मुलांना घेऊन सुट्टीच्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी आणि नदीकाठी जातो. दुर्बीण एकच, तीही मागून आणलेली. बाकी सारे काम डोळ्यांनी आणि कानांनी होते. ओढा लहान असल्यामुळे पक्षी वीस-पंचवीस पावलांवर असतो, तेवढ्यावरून पायांचा रंगसुद्धा नीट दिसतो.

आम्ही बोलत आहोत ते चिखलात, उथळ पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांविषयी. बदकासारखे ते पोहत बसत नाहीत. पाय लांब असतात म्हणून पाण्यात उभे राहता येते आणि चोच लांब असते म्हणून वाकून चिखलातले किडे, अळ्या, गोगलगायी टिपता येतात. ज्याची चोच आखूड तो वरचे वर टिपतो, ज्याची लांब तो खोलवर खुपसतो. एकाच चिखलात पाच जातींचे पक्षी शेजारी शेजारी चरतात आणि त्यांच्यात फारशी भांडणे होत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून ओळखायला शिकताना पिसांच्या रंगाच्या मागे लागू नये. आधी पाय पाहावेत, मग चोच, मग चाल. रंग शेवटी. नवशिक्या माणसाला सारे पक्षी मातकटच दिसतात आणि तो कंटाळून घरी जातो, असा आमचा अनुभव आहे.

हिंजवडीचा परिसर या पक्ष्यांना पूर्वीपासून सोयीचा होता. म्हाळुंगे, बालेवाडी, वाकडच्या कडेने मुळा नदी जाते. पलीकडे पुनावळे, रावेतच्या अंगाने पवना. वरच्या बाजूला कासारसाईचे धरण. मुळशी तालुका आंबेमोहोर भाताचा. भातखाचर म्हणजे या पक्ष्यांचे हक्काचे ताट. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले आणि माण, मारुंजीपर्यंत इमारती गेल्या. खाचरे कमी झाली, पण ओढे आणि त्यांच्या कडेचे पाणथळ तुकडे अजून पुरते संपलेले नाहीत.

पहिल्यांदा ओळखावा तो शेकाट्या. याला चुकायला जागाच नाही. अंगाने कबुतराएवढा, पोट पांढरेशुभ्र, पंख काळे, चोच काळी आणि सुईसारखी सरळ, पाय मात्र काडीसारखे लांबच लांब आणि गुलाबी. एवढ्याशा अंगाला एवढे पाय कशाला, असे मुले विचारतात. उडाला की ते पाय शेपटीच्या मागे दोन दोऱ्यांसारखे लोंबतात. पाच-दहाच्या घोळक्याने असतो आणि माणूस जवळ गेला की बारीक आवाजात कटकट करतो. हा आपल्याकडे बाराही महिने दिसतो.

शेकाट्याविषयी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. तो सांडपाण्यातही तग धरतो. मैल्याच्या पाण्यात डासवर्गीय किड्यांच्या अळ्या माजतात, त्या त्याला चालतात. पुण्याच्या खाली सोलापूर रस्त्याला कवडीपाट येथे मुळा-मुठेचे पाणी फेसाळलेले असते आणि तेथेही शेकाटे दिसतात. त्यामुळे शेकाटे वाढले म्हणजे नदी सुधारली, असा हिशेब कोणी मांडला तर तो मान्य करू नये. जमेच्या बाजूला शेकाट्या दिसत असेल तर नावेच्या बाजूला कोण कोण गेले तेही पाहावे लागते. वाळूवर अंडी घालणाऱ्या नदी सुरयासारख्या पक्ष्याला मोकळी वाळू लागते आणि मासे असलेले पाणी लागते. जेथे वाळू उपसली गेली आणि पाणी काळे पडले, तेथे तो राहत नाही.

शेकाट्यानंतर अवघड धडा येतो, तो तुताऱ्यांचा. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत हे पाहुणे आपल्याकडे असतात. तीन जाती वारंवार दिसतात आणि तिन्ही पाठीने तपकिरी, पोटाने पांढऱ्या. मुलांची खरी भांडणे येथेच होतात. आम्ही त्यांना एक सोपी खूण सांगतो. जो एकटा असतो, दगडावर उभा राहून शेपूट सतत वरखाली हलवतो आणि उडाला की पाण्याला लागून पंख ताठ धरून जातो, तो तुतवार. त्याच्या खांद्यापुढे छातीचा पांढरा रंग वर चढलेला दिसतो. ज्याच्या पाठीवर बारीक पांढुरके ठिपके आहेत आणि पाय पिवळसर आहेत, ती ठिपकेवाली तुतारी. ही बहुधा दोन-चारच्या संगतीने असते. पाठ काळपट, पाय हिरवट मळके आणि उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा एकदम डोळ्यांत भरतो, ती हिरवी तुतारी. तुतवाराची कंबर उडताना पांढरी दिसत नाही, त्याच्या पंखावर पांढरी रेघ दिसते. एवढे ध्यानात राहिले तर दहापैकी सात वेळा नाव बरोबर येते. उरलेल्या तीन वेळा वहीत नुसते ‘तुतारी’ लिहावे. खोटी नोंद करण्यापेक्षा अपुरी नोंद बरी, हे आम्ही कचेरीत शिकलो.

चिखलावर आणखी दोन लहानगे असतात. कंठेरी चिखल्या गळ्यात काळी पट्टी आणि डोळ्याभोवती पिवळे कडे घेऊन चार पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. टिलवा चिमणीएवढा, खाली मान घालून शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत राहतो. हा एवढासा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखात अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी आपल्या मुलखात येतो. या जातकुळीची ताकद किती, याचा एक दाखला देतो. 2022 साली पाणटिवळा जातीच्या एका पक्ष्याच्या अंगावर शास्त्रज्ञांनी यंत्र बसवले होते. तो अलास्काहून निघाला आणि 11 दिवस कोठेही न उतरता 13,560 किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोहोचला. त्याचे वय होते अवघे पाच महिने!

आता टिटवी. हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हिच्यावर आपल्या समाजानेही अन्याय केला आहे. काळे डोके, काळी छाती, डोळ्यापुढे लाल मांसल कातडी, पिवळे पाय आणि रात्रीबेरात्री ‘टिटिव् टिटिव्’ असा ओरडा. ही ओरडली की घरात कोणी तरी जाणार, असे आमच्या लहानपणी आयाबाया सांगत आणि राख फेकून तिला हाकलत. आजही आजारी माणूस घरात असला आणि रात्री टिटवी ओरडली की काही घरांतून चिंता पसरते. वास्तविक ती अंडी-पिलांजवळ कुत्रे, साप, मुंगूस किंवा माणूस आला म्हणून ओरडते. आपले कित्येक बांधव हिंजवडीच्या कंपन्यांच्या फाटकांवर रात्रपाळीची पहारेकरी करतात, त्यांना विचारा. टिटवी ओरडली की कोणी तरी कुंपणाकडून येते आहे, हे त्यांना बरोबर कळते. जी पहारा देते तिला अपशकुनी ठरवायचे, याला काय म्हणावे?

दुसरी समजूत पावसाची. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, चार अंडी घातली तर चार महिने पाऊस. दर उन्हाळ्यात ही बातमी कोठे ना कोठे छापून येतेच. टिटवी बहुधा चारच अंडी घालते आणि आपला पावसाळाही चारच महिन्यांचा. असे भाकीत सांगणारा ज्योतिषी हरणार कसा?

तिची खरी करामत वेगळीच आहे. घरटे म्हणजे उघड्या जमिनीतला नुसता खळगा, त्यात मातकट, काळे डाग पडलेली अंडी. दोन हातांवर उभे राहूनही ती खड्यांमध्ये दिसत नाहीत. ऐन मे महिन्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. महिनाभरात पिले निघतात आणि निघाल्या दिवशीच पळू लागतात. आईने इशारा केला की जमिनीला चिकटून दगडासारखी पडून राहतात. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना म्हणूनच सांगावे की टिटवी डोक्यावरून झेपा घेऊ लागली तर मागे फिरावे, पायाखाली पाहावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणे हेही शिकारीतच मोडते.

बगळे सर्वांच्या ओळखीचे, तरी एक फरक सांगतो. गुरांमागे फिरणारा पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. चोच काळी, पाय काळे आणि बोटे तेवढी पिवळी, तो लहान बगळा. भुऱ्या रंगाची, चिखलात मिसळून जाणारी आणि उडाली की एकदम पांढरी होणारी, ती ढोकरी. बाकदार चोचीचा शराटी आणि उघड्या चोचीचा करकोचाही अधूनमधून येतात. या करकोच्याच्या दोन चोची मिटल्या तरी मध्ये फट राहते. गोगलगाय पकडायला ही चोच कामी येते.

हे सारे ज्याच्या जिवावर आहे तो ओढा मात्र दिवसेंदिवस अरुंद होतो आहे. 2025 च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. ओढे-नाले बुजवले, वळवले म्हणून पाण्याला वाट राहिली नाही, ही चर्चा तेव्हा सर्वत्र झाली आणि काही अतिक्रमणांना नोटिसाही निघाल्या. ओढ्याकडेचा जो पाणथळ पट्टा शेकाट्याला लागतो, तोच पट्टा पुराचे पाणी पसरून घेतो. तो भरून टाकला की पक्षी उडून दुसरीकडे जातो. पाणी मात्र आपल्या घरात येते, आणि पहिल्यांदा येते ते सखल भागातल्या पत्र्याच्या खोल्यांत. मुळेच्या काठावरही नदीकाठ सुधारणेची कामे हाती घेण्यात आली आहेत. काठ दगडाने बांधून काढला की फिरायला बरा दिसतो, पण तुतवाराला चिखल उरत नाही.

कायदा आहे का? 2017 साली केंद्र सरकारने पाणथळ जागांचे नियम केले. परंतु त्यांतून नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे आपल्या भागातील पक्षी ज्या ज्या जागी उभे असतात, त्यातल्या बहुतेक जागा या नियमांबाहेर पडतात. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी, नाही तर अर्जात चुकीचे कलम पडते आणि साहेबाला अर्ज परत करायला निमित्त मिळते. ओढ्याची बाजू मांडताना पूर, अतिक्रमण आणि सांडपाणी हे मुद्दे पुढे ठेवावेत, पक्ष्यांची नोंद पुरावा म्हणून जोडावी.

आमच्या वस्तीमागच्या ओढ्यात रात्री डंपरने राडारोडा पडू लागला, तेव्हा आम्ही असाच अर्ज दिला. त्यासोबत मुलांच्या वहीची छायाप्रत जोडली. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या असे पाच रकाने, दोन हिवाळ्यांच्या नोंदी. टेबलावरच्या कारकुनाने आधी हसून पाहिले. मग पाने उलटली आणि ‘हे मुलांनी लिहिले?’ असे विचारले. पुढे पाहणी झाली, डंपर काही महिने थांबले. नंतर पुन्हा रात्रीचे येऊ लागले आहेत आणि दुसरा अर्ज गेला आहे. टिटवी देखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहेच.

वही ठेवायला खर्च नाही. शंभर पानी वही, एक पेन्सिल, मळक्या रंगाचे कपडे आणि सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ. नावे अडली तर ग्रंथालयात मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ मागावा. सोलापूरच्या या माणसाने वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती 1987 पासून चालू आहे. आपल्या ओढ्याचे आकडे त्याच पंधरवड्यात घेतले तर दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

मुलांच्या वहीतले शेवटचे पान समोर आहे. शेकाट्या 11, टिटवी 4, ढोकरी 3, तुतवार 1, तुतारी (नक्की नाही) 2. खाली एका मुलीने लिहिले आहे: पुलापलीकडे नवीन माती टाकली आहे, पुढच्या वेळी तिकडूनही मोजायचे.