शालेय सांख्यिकी

शाळा, विद्यार्थी, शिक्षक, विद्यार्थ्यांची संपादणूक आणि शिक्षणावरील खर्च यांविषयीच्या संख्यात्मक माहितीचे नियमित संकलन, वर्गीकरण व अर्थनिर्णयन म्हणजे शालेय सांख्यिकी होय. नवी शाळा कोठे काढावी, किती शिक्षक नेमावेत, कोणत्या शाळेस किती अनुदान द्यावे, हे निर्णय या आकडेवारीच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे आकडा कोणी, कोणत्या व्याख्येनुसार व कशासाठी मोजला, हे समजल्याखेरीज त्याचा खरा अर्थ लागत नाही. भारतातील शालेय सांख्यिकीचा सु. दोनशे वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

इतिहास : मद्रास इलाख्याचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागविली. त्याच्या १८२६ च्या टिपणीनुसार सु. १ कोटी २८ लाख लोकवस्तीच्या इलाख्यात १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी होते, म्हणजे सु. ६८ व्यक्तींमागे एक विद्यार्थी. तथापि ५ ते १० या वयातील मुलग्यांशीच तुलना केली, तर हे प्रमाण चारांत एक असे येई. शिवाय घरी शिकणारी मुले या गणतीत नव्हती. एकट्या मद्रास शहरात शाळेत जाणारी मुले ५,५२३, तर घरी शिकणारी २६,४४६ नोंदली गेली होती. ती जमेस धरून शिक्षण घेणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळपास असावे, असे मन्रोचे मत होते. मुलींची संख्या मात्र सर्व शाळा मिळून पाच हजारांहूनही कमी होती. एकाच पाहणीतून अशी भिन्न उत्तरे निघाली, ती छेदस्थानी कोणती संख्या घ्यावयाची व ‘विद्यार्थी’ कोणास म्हणावयाचे यांवरून.

विल्यम ॲडम याने १८३५–३८ या काळात बंगाल व बिहारमधील शिक्षणावर तीन अहवाल सादर केले. त्यांपैकी पहिल्यातील एक लाख देशी शाळांचा अंदाज पुढे दीर्घकाळ वादाचा विषय ठरला. ब्रिटिश अमदानीत साक्षरता घटली, असे प्रतिपादन महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडन येथे केले. त्यास सर फिलिप हार्टोग यांनी आव्हान दिले. शाळेची स्वतंत्र इमारत नसताना एखाद्या घरी काही मुलांना शिकविले जात असेल, तर तिला शाळा म्हणावे की नाही, हा या वादातील एक कळीचा प्रश्न होता.

वुडच्या खलित्यानुसार (१८५४) प्रांतोप्रांती शिक्षण खाती स्थापन झाली व त्यांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. पुढे अखिल भारतीय पंचवार्षिक आढाव्यांची त्यांत भर पडली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडताना याच आकडेवारीचा आधार घेतला. प्राथमिक शाळांत जाणाऱ्यांचे प्रमाण भारतात एकूण लोकसंख्येच्या अवघे १·९ टक्के होते, हे त्यांनी इतर देशांच्या आकड्यांशी तुलना करून दाखविले. त्यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. हार्टोग समितीने १९२९ मध्ये एकूण संख्येऐवजी एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाणाऱ्या मुलांचा माग काढला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या मुलांपैकी एकपंचमांशांहूनही कमी मुले तीन वर्षांनी चौथीत पोहोचली होती. गळती व स्थगिती या संकल्पना या अहवालापासून भारतीय शिक्षणविचारात रूढ झाल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण १९५७ मध्ये झाले. आठवे २००९ मध्ये झाले. दोन सर्वेक्षणांतील अंतर मोठे असल्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्ताने १९९४-९५ पासून ‘डाइस’ ही वार्षिक माहिती प्रणाली सुरू झाली. २०१२-१३ पासून तीत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांचा समावेश होऊन ती ‘यू-डाइस’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

संकलनपद्धती : सर्व आकडेवारीचा उगम वर्गातील हजेरीपटात व शाळेच्या जनरल रजिस्टरात असतो. मुख्याध्यापकाने भरलेली माहिती केंद्र, गट व जिल्हा अशा पायऱ्यांनी राज्याकडे व तेथून केंद्र शासनाकडे जाते. प्रत्येक शाळेस अकरा अंकी क्रमांक असून त्यातील आरंभीचे दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्र : २७). पूर्वी शाळा केवळ इयत्तावार बेरजा कळवीत असे. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेण्यात येते. या बदलानंतर देशातील पटसंख्या आधीच्या वर्षांहून लक्षणीय रीत्या कमी दिसू लागली व २०२३-२४ मध्ये ती सु. २४ कोटी ८० लाख नोंदली गेली. एकाच मुलाची दोन शाळांतील नोंद वगळली जाणे, हे या घटीचे एक कारण सांगितले जाते. त्यामुळे बदलापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे.

प्रमुख निर्देशक : (१) नोंदणी : एखाद्या स्तरावरील एकूण विद्यार्थ्यांचे त्या स्तरास योग्य वयाच्या मुलांशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे स्थूल नोंदणी प्रमाण. कमी-अधिक वयाची मुलेही त्यात मोजली जात असल्याने ते शंभराहून अधिक येऊ शकते. म्हणून ते शंभर झाले, तरी सर्व मुले शाळेत आहेत असे सिद्ध होत नाही. (२) शिक्षक : शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी ३० व सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. हे प्रमाण शाळानिहाय पाहणे आवश्यक आहे. उदा., एका शाळेत ९० मुले व एक शिक्षक आणि दुसरीत ३० मुले व तीन शिक्षक असल्यास सरासरी ३० येते. पहिल्या शाळेतील मुलांना त्या सरासरीचा काहीही उपयोग नसतो. देशात एकशिक्षकी शाळांची संख्या २०२४-२५ मध्येही एक लाखाहून अधिक होती. (३) संपादणूक : राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात शाळेतील नमुना विद्यार्थ्यांची चाचणी घेतली जाते, तर ‘असर’ हे २००५ पासूनचे बिनसरकारी सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केले जाते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. शाळेत गैरहजर असलेले मूल पहिल्या पद्धतीत सुटते, दुसरीत ते सापडण्याचा संभव अधिक असतो. (४) वित्त : कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सुचविले. जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही हेच उद्दिष्ट पुन्हा नमूद करावे लागले. शालेय खर्चाचा मोठा भाग वेतनावर होत असल्याने कमी पटाच्या डोंगरी वा आदिवासी शाळेत दरडोई खर्च अधिक दिसतो. तो उधळपट्टीचा पुरावा मानता येत नाही.

मर्यादा : आकड्यावर पैसा अवलंबून असला, की आकडा वाकविण्याचा मोह निर्माण होतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याने १८६२ मध्ये हजेरी आणि वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षा यांवर अनुदान ठरविणारी ‘फलानुसार अनुदान’ पद्धती आणली. तीमुळे अध्यापन परीक्षेपुरते संकुचित होते, अशी टीका कवी व शाळा निरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड याने केली. मुंबई इलाख्यातही ही पद्धती दीर्घकाळ चालू होती. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे पटसंख्येवरून ठरतात. राज्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एकाच वेळी सर्वत्र पटपडताळणी करण्यात आली, तेव्हा पटावरील लाखो विद्यार्थी वर्गात आढळले नाहीत. त्यांपैकी काही नावे खोटी होती, तर काही मुले खरोखरच शेतावर, ऊसतोडीस वा स्थलांतरित पालकांबरोबर गेलेली असणे शक्य होते. केवळ शिरगणतीने या दोहोंतील भेद कळत नाही आणि उपायही दोन्ही बाबतीत भिन्न आहेत.

म्हणून शालेय सांख्यिकीतील नोंदणी, शिक्षक, संपादणूक व वित्त ही चार अंगे एकत्र व शाळेच्या पातळीपर्यंत उतरून वाचावी लागतात. नोंदणी वाढली व संपादणूक घटली, तर पूर्वी शाळेबाहेर असलेली मुले प्रथमच शाळेत आली, असाही अर्थ असू शकतो. पट घटला, तर त्यामागे जननप्रमाणातील घट, खाजगी शाळांकडील ओढा किंवा स्थलांतर यांपैकी कोणतेही कारण असू शकते. पटावर नाव असूनही वर्गात नसलेले आणि वर्गात असूनही वाचता न येणारे मूल राज्याच्या बेरजेत दिसत नाही. ते दिसू लागणे, ही या सांख्यिकीच्या उपयुक्ततेची खरी कसोटी होय.