पान उलटून पाहा

नेचा ओळखायचा तर पान उलटावं लागतं. वरून सगळेच हिरवे, सगळेच नाजूक. फूल नाही, फळ नाही, बी नाही. खरी ओळख असते पानाच्या पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांत आणि रेघांत. तिथे बीजाणू पिकतात.

बऱ्हाणपुरात नेच्यांची चौकशी केली की लोक पचमढीचा रस्ता दाखवतात. पचमढीच्या दऱ्यांत वृक्षनेचासुद्धा आहे, तेव्हा त्यात चूक काही नाही. तापीकाठचं बऱ्हाणपूर मात्र उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत भाजून निघतं. तरीही पावसाळ्यात इथल्या कुठल्याही जुन्या बांधीव विहिरीत डोकावा. पाण्याच्या वर, दगडांच्या सांध्यांतून काळ्याभोर चकचकीत देठांचा हंसराज लोंबताना दिसेल. ओल, सावली आणि चुना या तिन्ही गोष्टी त्याला तिथे एकत्र मिळतात. या गावाची बांधणीच पाणी आणि चुन्याची आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं. तोच हा कुंडी भंडारा. त्याच्या भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे थर चढलेले आहेत. इथलं पाणी किती जड आहे, हे त्यावरून कळतं. कुंडी भंडाऱ्यात खरवडाखरवड मात्र करू नये. तो वारसा आहे. पाहायला साध्या विहिरी पुष्कळ आहेत.

हंसराज म्हणून दोन नेचे सर्रास एकच समजले जातात. एकाच्या दांडीवर दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकृती पर्णिका एका ओळीत असतात. हा शेतातल्या दरडींवर पावसात उगवतो आणि उन्हाळ्यात वरून पार सुकतो, मेलेला नसतो. दुसऱ्याची दांडी पुन्हा पुन्हा फाटे फोडते आणि पर्णिका पंख्यासारख्या पसरतात. विहिरीतला बहुधा हा. दोघांची पानं उलटली तर कडा आत दुमडलेली दिसते आणि बीजाणू त्या दुमडीच्या आतल्या अंगाला असतात. भिंग जवळ असेल तर हे पाहताना वेळ कसा जातो कळत नाही.

त्याच भिंतीवर लांब पट्ट्यांसारख्या पर्णिकांचा, शेंड्याला सगळ्यांत मोठी पट्टी असलेला एक दणकट नेचा असतो, प्टेरिस व्हिटाटा. त्याच्या पाठीवर कडेकडेने सलग तपकिरी रेघ धावते. हा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, असं फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००१मध्ये दाखवून दिलं. वाहत्या पाटाच्या कडेला मऊ, लवदार पानांचा आणखी एक दिसतो. त्याच्या पाठीवर गोल ठिपके रांगेने असतात. आणि असीरगडासारख्या तटबंदीच्या कोरड्या फटींत मयूरशिखा! बोटभर उंचीची, ताडाच्या पानाची छोटी प्रतिकृती. पाणी संपलं की गुंडाळून पडते, पहिल्या सरीला पुन्हा उलगडते. माझ्या मते या भागाचा खरा नेचा तीच.

आणि एक नेचा तर इथल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या परसात आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात जनावरांसाठी वाढवतात तो अझोला नेचाच आहे.

ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ओळखीला पुस्तकाचा आधार हवाच. पण नेच्याशी खरी गाठ पडते ती वाढवताना.

रोप उपटून आणू नका. विहिरीच्या सांध्यातून ओढलेला हंसराज बहुतेक वेळा कुंडीत मरतो, आणि तिकडे भिंतही उघडी पडते. पाऊस ओसरताना पिकलेल्या पानाचा एक तुकडा पुरे. ठिपके पांढरट-हिरवे असतील तर कच्चे. गडद तपकिरी असतील तर घ्यावं. फिकट आणि विस्कटलेले असतील तर बीजाणू उडून गेलेले. तुकडा पाठ खाली करून कागदाच्या घडीत एक-दोन दिवस ठेवला की तपकिरी पूड पडते. कागद तिरका करून हलकी टिचकी मारली की भुसा घरंगळतो आणि बारीक पूड कागदाला चिकटून राहते. ती बीजाणूंची.

पेरायला भाजलेल्या विटेचा तुकडा उत्तम. तो पाण्यात चांगला उकळून घ्यावा, नाहीतर बुरशी आणि शेवाळ आधी जागा धरतं. थंड झाल्यावर ताटलीत उकळलेलं पाणी घालून त्यात वीट ठेवावी, वर पूड अगदी विरळ भुरभुरावी आणि काचेची बरणी पालथी घालावी. उजेड हवा, ऊन नको. काही आठवड्यांनी विटेवर हिरवट झाक येते. तिच्यातून नखाहून लहान, हृदयाच्या आकाराच्या चकत्या तयार होतात. हा नेचा नव्हे, त्याची मधली पिढी. चकतीच्या खालच्या बाजूला नर आणि मादी पेशी असतात, आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळ थर नसेल तर पुढचं काहीच घडत नाही. म्हणून या दिवसांत बरणी उचलून बारीक फवारा मारायचा. मग कधीतरी एका चकतीतून पहिलं पान वर येतं, आईबापांशी काहीही साम्य नसलेलं. कुंडीत लावण्याजोगं रोप व्हायला वर्ष धरून चाला.

मातीत कुजलेला पालापाचोळा, वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि जुन्या बांधकामातल्या चुन्याचे खडे मिसळले की विहिरीतला हंसराज खूश राहतो. इथल्या जड पाण्याचीही त्याला तक्रार नसते. त्याला मारतात त्या वैशाखातल्या झळा. केळीच्या बागेतली गार सावली त्यासाठी सगळ्यांत चांगली, आणि बऱ्हाणपुरात केळीला तोटा नाही. रोपवाटिकेतला परदेशी बोस्टन नेचा विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. जुनी विहीर 'स्वच्छ' करताना तिला आतून सिमेंटचा गिलावा देतात. दगडांचे सांधे बुजतात आणि नेच्यांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती एका दिवसात संपते. पिंपळ भिंत फोडतो, तो वेळीच काढायलाच हवा. नेच्याची मुळं वरवरच्या ओलसर चुन्यात असतात, त्यांच्यापायी विहीर ढासळत नाही. तुमच्या मळ्यात किंवा वाड्यात अशी विहीर असेल, तर दुरुस्तीआधी पावसाळ्यात एकदा आत नीट पाहा, पिकलेलं एक पान कागदात घ्या, आणि गवंड्याला सांगा: सांधे चुन्यानेच भर, हिरवं राहू दे.