पाणी पडल्यापासूनची मुदत

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी, घरची धुतलेली बाटली घेऊन दवाखान्यात जाण्याचा शिरस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कंपाउंडरने ती तांबड्या मिक्श्चरने भरून, कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी तिच्या अंगाला खळीने चिकटवल्याचे स्मरत असेल. एक दाता म्हणजे एक मात्रा. आणि बहुधा तीन दिवसांत बाटली रिकामी होत असल्यामुळे तिच्यावर निराळी मुदत लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते.

आज वेष्टनावरील छापील तारखेवर आपण निर्धास्त विसंबतो. परंतु ती तारीख कारखान्यातून आले त्याच स्वरूपात राहिलेल्या औषधाची असते. मोठ्यांची गोळी खलात वाटून औषधविक्रेत्याने बालकासाठी पातळ औषध सिद्ध केले, की जुनी तारीख रद्द होते आणि नव्या मियादीचा हिशेब पाण्यावरून मांडावा लागतो. पाणी काही औषधांचे रेणूच फोडते: दमट हवेतल्या ॲस्पिरिनला येणारा शिरक्याचा वास ही त्याचीच साक्ष, शिवाय जंतूंना आणि बुरशीला आसरा मिळतो तोही पाण्यातच. म्हणूनच अमेरिकेच्या औषधसंहितेने नोव्हेंबर २०२३ पासून लागू केलेल्या नियमांत, स्वतंत्र चाचणीचा आधार नसल्यास, परिरक्षकाविना केलेल्या जलयुक्त मिश्रणास शीतकपाटात १४ दिवस, परिरक्षकयुक्तास ३५, पोटात घ्यायच्या निर्जल द्रवास ९०, आणि कॅप्सूल वा निर्जल मलमास १८० दिवस, अशी कमाल मर्यादा घातली आहे.

हा विवेक आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटी व अवलेह यांचे वर्षाने क्षीण होते असे सांगून, आसव मात्र जुने होईल तसे गुणवान ठरते असा निर्वाळा दिला. त्या आसवात आंबण्याने उत्पन्न झालेले मद्य जंतूंना थारा देत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निरीक्षणाविषयी मनात खरा आदर उत्पन्न होतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात मला अधिक चिंता वाटते ती घरोघरच्या ड्राय सिरपची. अमॉक्सिसिलिनच्या भुकटीत पाणी घालून हलवलेल्या अशा कित्येक बाटल्यांची मुदत अवघी सात दिवसांची असते. तरीही लेकराचा ताप उतरताच उरलेली अर्धी बाटली फळीवर जाते आणि पुढच्या तापाला, बुडावरची छापील तारीख वाचून, विश्वासाने पुन्हा उघडली जाते. पाणी कोणत्या दिवशी घातले, याची नोंद तिच्यावर कोठेच नसते.