मोटारीची तेलाची नळी : स्वस्त कीं नांवाची?

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु विकत घ्यावयाची झाली म्हणजे दोन पक्ष पडावयाचेच. एक पक्ष म्हणतो, "नांवाजलेल्या कंपनीचा माल घ्या, पैसे अधिक गेले तरी मनाला स्वस्थता राहते." दुसरा म्हणतो, "नांवाचे पैसे कशाला मोजायचे? तीच वस्तु निम्म्या किंमतींत मिळते." प्रेशर कुकरपासून शाळेच्या दप्तरापर्यंत हा वाद चालतो आणि त्यांत कोणी चुकला तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांची स्वतःची किंमत थोडी, पण त्यांच्यावर अवलंबून असलेलें यंत्र फार मोलाचें. टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीची तेलाची नळी ही त्यांपैकींच एक. हा विषय मिस्त्रीचा आहे असें पुष्कळांस वाटेल. पण बिल गृहस्थालाच भरावें लागतें आणि गाडींत बसतात तीं घरचींच माणसें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम टर्बोचार्जर म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. एंजिनांतून बाहेर पडणारा धूर तापलेला व वेगवान असतो. साध्या गाडींत त्याची शक्ति फुकट जाते. त्या शक्तीनें हवा दाबून एंजिनांत भरावी, या कल्पनेचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं घेतलें. आजच्या टर्बोंत एका दांड्याच्या दोन टोकांस दोन चक्रें असतात. धुरानें एक फिरलें कीं दुसरेंहि फिरतें आणि बाहेरची हवा दाबून आंत ढकलतें. हवा अधिक मिळाल्यानें इंधनहि अधिक जाळतां येतें, व लहान एंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. अमेरिकेंत १९६२ सालीं ही योजना विक्रीच्या घरगुती मोटारींत आली. आपल्याकडे पुष्कळ वर्षें ती मुख्यतः डिझेल गाड्यांत दिसे. आतां लहान पेट्रोल गाड्यांतहि सर्रास आढळते. आपल्या दारांतल्या गाडींत टर्बो आहे हें घरांतल्या निम्म्या माणसांस ठाऊकहि नसतें.

हीं चक्रें मिनिटास लाख-दीड लाख, लहान टर्बोंत दोन लाखांहूनहि अधिक फेरे घेतात. इतक्या वेगांत धातूवर धातु घासून टिकणें शक्य नाहीं. म्हणून बहुतेक टर्बोंत दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. शिवाय चक्रावर येणारा धूर डिझेल गाडींत सातशें-आठशें अंश सेल्सिअस, पेट्रोल गाडींत नऊशें अंशांहूनहि अधिक तापलेला असूं शकतो. दांड्यापाशीं पोंचणारी उष्णता वाहून नेण्याचें कामहि तेंच तेल करतें. तें आणणारी नळी बारीक असते, कारण तिच्यांत पंपाचा दाब असतो. काम झाल्यावर तेल खालच्या चेंबरमध्यें परत नेणारी नळी जाड असते, कारण परतीच्या वाटेवर दाब नसतो. तेल आपल्याच वजनानें उतरतें. पहिली नळी तुंबली किंवा फुटली तर दांडा कोरडा पडतो आणि कांहीं क्षणांत खराब होऊं लागतो. दुसरी दबली तर तेल टर्बोंत सांचून धुराच्या वाटेनें जळतें, व सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. अशा वेळीं दोष नळीचा असून बदलला जातो तो टर्बो, आणि धूर तसाच राहतो!

आतां स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतों. पांच-सहा वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याच्या डिझेल गाडीच्या तेलाच्या नळीशीं ओल दिसूं लागली. मिस्त्रीनें नळी बदलण्यास सांगितलें. गाडीच्या कंपनीची नळी आणि बाजारांतली विनानांवाची नळी यांच्या किंमतींत तिपटीचा फरक होता. पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, कंपनीचीच घेऊं या." मी जन्मभर शिक्षकाच्या पगारांत संसार केलेला, "नळी ती नळी, तेल वाहिलें म्हणजे झालें," असा निकाल दिला. घरांत वडील मीच, त्यामुळें त्या निकालावर अपील नव्हतें. नवी नळी दिसावयास मोठी सुरेख होती. वर पोलादी तारांचें चकचकीत विणकाम. चार महिन्यांनीं खंबाटकीचा घाट चढतांना जळक्या तेलाचा वास आला आणि बॉनेटच्या फटींतून धूर निघूं लागला. मागें त्याची आई व माझीं दोन नातवंडें बसलेलीं. पुतण्यानें प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली, एंजिन बंद केलें व सर्वांना उतरवून दूर नेलें. विणकामाच्या आंतलें रबर उष्णतेनें कडक होऊन टोकाशीं तडकलें होतें, आणि तेल तापलेल्या लोखंडावर ठिबकत होतें. आग लागली नाहीं हें आमचें दैव. टर्बोचा दांडा मात्र ढिला झाला होता. नव्या टर्बोचा खर्च मीं वांचविलेल्या पैशांच्या वीसपट तरी झाला. पुतण्या मला एक शब्दहि बोलला नाहीं. तें मौन मला अधिक लागलें.

मग मी दुसऱ्या टोकास गेलों. नव्या टर्बोबरोबरची नळी नांवाचीच हवी म्हणून प्रख्यात नांवाचा खोका दुकानांतून आणविला. मिस्त्रीनें जुना व नवा बोल्ट शेजारीं शेजारीं ठेवून दाखविला. तेल जाण्याचें भोंक सारखें नव्हतें, खोक्यावरील छपाई पुसट होती आणि भागाचा क्रमांक जुळत नव्हता. खोका नांवाचा, आंतला माल डुप्लिकेट! तेव्हां कळलें कीं आमच्या घरच्या दोन्ही पक्षांनीं प्रश्नच चुकीचा विचारला होता. नाम, रूप आणि गुण हीं तीन निरनिराळीं आहेत. पहिल्या खेपेस मी रूपाला भुललों, दुसऱ्या खेपेस नामाला. गुणाची चौकशी दोन्ही वेळां राहिली. भाताचें एक शीत चेपून सारें भांडें शिजलें कीं नाहीं तें कळतें, हा स्थालीपुलाकन्याय येथें चालत नाहीं; कारण पारखावयाचा भाग नळीच्या आंत दडलेला असतो.

तो गुण पारखावा कसा? पहिली गोष्ट आंतलें अस्तर. पोलादी विणकाम सर्व नळ्यांवर सारखेंच दिसतें, पण आंत साधें नायट्राइल रबर असेल तर तें शंभर-सव्वाशें अंशांपलीकडे फार दिवस टिकत नाहीं. पीटीएफई नांवाचें द्रव्य २६० अंशांपर्यंत टिकतें. आपल्या निर्लेप तव्यावरचा थर याचाच असतो. विक्रेत्यास अस्तर कशाचें तें स्पष्ट विचारावें. "स्टीलची आहे" हें त्याचें उत्तर नव्हे. दुसरी गोष्ट आंतला व्यास. कांहीं टर्बोंत, विशेषतः बॉल-बेअरिंगच्या, तेल मोजकें जावें म्हणून वाटेंत सुमारें एक मिलिमीटरचें भोंक ठेवलेलें असतें. तें मोठें झालें तर तेल अति होतें. आणि जेथें तसें भोंक नको तेथें वाट अरुंद झाली तर उपासमार होते. म्हणून जुन्या भागाचा क्रमांक व माप जुळल्यावांचून नळी घेऊं नये. तिसरी गोष्ट टोकें. दाबाच्या नळीचीं टोकें यंत्रानें दाबून पक्कीं केलेलीं असावींत. वरून क्लिप आवळलेली नळी तेथें चालणार नाहीं. चौथी गोष्ट परतीची नळी. ती जाड, सरळ उताराची व न दबणारी हवी. रंगीत सिलिकॉनची साधी नळी हवा-पाण्यास ठीक. गरम तेलास ती आंतून फ्लोरोसिलिकॉनचें अस्तर असल्याखेरीज वापरूं नये.

या चार कसोट्यांस उतरली तर स्वस्त नळी घेण्यास कांहींच हरकत नाहीं. मोटार-कंपन्या पुष्कळ भाग बाहेरच्या कारखान्यांकडून करवून घेतात, आणि असा कारखाना आपला माल स्वतःच्या खोक्यांतूनहि पुष्कळदां कमी किंमतींत विकतो. साध्या पोलादाची, मूळच्या मापाची वांकविलेली नळी चकचकीत विणकामाच्या नळीपेक्षां कित्येकदां अधिक भरंवशाची असते. काटकसर येथें करावी. अस्तर कशाचें हें सांगतां येत नाहीं तेथें मात्र ती करूं नये.

मिस्त्रीकडून आणखी तीन गोष्टी करवून घ्याव्यात. टर्बो बदलला तर तेल आणणारी नळी नवीच घालावी, कारण जुन्या नळींत जळक्या तेलाची काजळी बसलेली असते आणि तिचा कण नव्या दांड्याचा घात करतो. सांध्याचे तांब्याचे वॉशर दर वेळीं नवे घ्यावेत. गळती थांबविण्यास चिकट लेप लावूं देऊं नये, कारण त्याचा तुकडा सुटून वाट अडवितो. आणि एंजिन सुरू करण्यापूर्वीं टर्बोंत थोडें तेल घालावें. आपल्या हातचें काम एवढेंच कीं तेल मुदतींत बदलावें, व घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद न करतां मिनिटभर संथ चालूं द्यावें. नाहींतर तापलेल्या टर्बोंत अडकलेलें तेल तेथेंच करपतें.

हल्लीं आमच्या घरीं गाडीचा कोणताहि भाग आणावयाचा झाला कीं पुतण्या आधीं जुना भाग टेबलावर ठेवतो आणि त्याचा क्रमांक वहींत लिहितो. मग तो मला विचारतो, "अण्णाकाका, कोणता घेऊं?" निकाल देण्याचें मीं सोडलें आहे. चष्मा लावून दोन्ही क्रमांक ताडून पाहतों, आंतलें अस्तर कशाचें तें विचारतों, आणि मग किंमत पाहतों.