पेनाच्या पोटातील हवा

नवे पेन हाती आले की आपण सर्वांत आधी कागदावर स्वतःचे नाव लिहून पाहतो. नाव सुरेख उमटले तर पेन चांगले. अक्षर तुटक आले किंवा शाईचा डाग पडला तर पेन वाईट, असा निकाल आपण तत्काळ देऊन मोकळे होतो. त्यातून पेन थोड्या किमतीचे असेल, तर ते टाकून देतानाही फारसे वाईट वाटत नाही. मुलांनो, शिक्षकाच्या नोकरीत असे कितीतरी निकाल माझ्या कानांवर आले, आणि त्यांतील बहुतेक चुकीचे होते. पेन बिघडलेले नसे. ते कसे चालते हे कोणी त्या मुलाला सांगितलेले नसे.

येथे मी बोलतो आहे ते साधे, देशी शाईचे पेन. त्याच्या पोटात रबराची पिशवी नसते की शाईची तयार कुपी नसते. मान फिरवून सोडवावी, काचेच्या नळीने दौतीतील शाई थेंबथेंब आत घालावी आणि मान पुन्हा आवळावी, एवढीच त्याची रचना. पेनाचा दांडा हीच त्याची दौत. बाजारात मिळणाऱ्या छोट्या कुपीत एक मिलिलिटरही शाई मावत नाही. या पेनाच्या दांड्यात मात्र अडीच-तीन मिलिलिटर सहज राहते. एकदा भरले की कित्येक दिवस पाहावे लागत नाही.

आपल्या देशात अशी पेने घडू लागली त्यामागे स्वदेशीची प्रेरणा होती. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी आपण घडविलेले पेन कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पाठविले, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्याची पसंती कळविली. शाईचेही तसेच. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड व वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोहोचला. आमच्या लहानपणीही शाईची वडी पाण्यात विरघळवून दौत भरण्याचा उद्योग घरी चाले, आणि पाणी जास्त झाले की आठवडाभर फिक्या अक्षरांत अभ्यास करावा लागे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पेन उभे धरले की शाई खाली यायला हवी. मग ती सगळीच्या सगळी एकदम का सांडत नाही? पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उपडा केला, तरी पाणी पडत नाही, हा प्रयोग तुम्ही केला असेल. बाहेरची हवा पुठ्ठ्याला खालून वर दाबून धरते. पेनातही हवाच शाईला आवरून धरते. आतील शाई बाहेर जायची, तर तिची जागा घेण्यासाठी बाहेरची हवा आत शिरली पाहिजे. निबेच्या पोटाशी जी काळी पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणत असू. त्या जिभेवर एक बारीक पन्हळ कोरलेली असते. तिच्यातून शाई खाली उतरते आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे वर चढतात. एक जाते, दुसरी येते. पारदर्शक दांड्याचे पेन उजेडात धरून लिहा. काही ओळींनंतर एखादा बुडबुडा शाईतून डुलत वर जाताना दिसेल.

पन्हळीतून उतरलेली शाई निबेच्या टोकापर्यंत नेण्याचे काम निबेतील फट करते. समईतील तेल वातीतून वर चढते, बादलीच्या काठावर टाकलेल्या पंचाचे टोक पाण्यात बुडाले की सारा पंचा ओला होतो, त्याच गुणाने. अतिशय अरुंद जागेत द्रव आपण होऊन ओढला जातो. विज्ञानात याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी बारीक, तितकी ही ओढ अधिक. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून १९७३ साली माझी जी फजिती झाली ती सांगतो.

त्या वर्षी मी सातवीत होतो आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलो होतो. वडिलांनी आठवड्याच्या बाजारातून मला हिरव्या दांड्याचे पेन आणून दिले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री ते फिके लिहू लागले. शाई कमी येते, तेव्हा तिची वाट रुंद करावी, असा सरळ हिशेब करून मी वडिलांचे दाढीचे पाते घेतले, निबेच्या फटीत घातले आणि जोराने पिळले. निबेची दोन्ही टोके फाकली. आता शाई धो धो येईल असे मला वाटले. प्रत्यक्षात ती मुळीच येईना! फट एवढी रुंद झाली होती की शाईला टोकापर्यंत ओढून नेणारे केशाकर्षणच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी परीक्षेत मी ते पेन टाकासारखे दौतीत बुडवून लिहीत राहिलो. तीन शब्द झाले की बुडवायचे, पुन्हा तीन शब्द. भाषेच्या उत्तरपत्रिकेवर दोन मोठे डाग पडले आणि शेवटचा प्रश्न राहून गेला. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्याला केवळ पेन कारण होते असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही, कारण गणितातही मी फार मोठा पराक्रम केला नव्हता. तथापि तो राहिलेला प्रश्न मला येत होता, याची रुखरुख पुष्कळ दिवस होती.

वडिलांना मी काही सांगितले नाही. सांगितले ते आमच्या चित्रकलेच्या गुरुजींना. त्यांनी निब उजेडात धरून न्याहाळली, दोन्ही टोके चिमटीत धरून क्षणभर एकमेकांवर चढविली व सोडून दिली. असे दोन-तीनदा करताच फट पुन्हा केसाएवढी झाली. मग त्यांनी माझी खरी चूक दाखविली. जीभ आणि निब यांच्यामध्ये कागद जाईल एवढे अंतर पडले होते. म्हणजे शाई जिभेवरच थांबत होती, निबेला ती मिळतच नव्हती. पात्याची गरजच नव्हती. निब अंमळ दाबून जिभेवर टेकविली असती तरी पुरले असते.

तेव्हापासून पेन नीट चालत नसेल, तर मी एका ठरलेल्या क्रमाने पाहतो. प्रथम ते धुतो. नव्या पेनात कारखान्यातील तेलाचा अंश राहतो आणि तेलकट जागी शाई धरत नाही. वाटीभर साध्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून त्यात मान बुडवावी, हलवावी, मग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. उकळते पाणी वापरू नये. स्वस्त प्लास्टिक त्यात वाकते आणि एबोनाइटचा रंग उडतो. एबोनाइट म्हणजे रबरात गंधक मिसळून, तापवून केलेला कठीण पदार्थ. चांगली देशी पेने अजूनही त्याची कातून करतात. निम्म्याहून अधिक पेने या एका आंघोळीनेच सुधारतात.

तरीही सुधारणा झाली नाही, तर निबेची फट जिभेवरील पन्हळीच्या बरोबर मध्यावर आली आहे का, हे पाहावे. निब जराशी एका अंगाला सरकलेली असेल, तर शाई निबेच्या पाठीवर पोचते पण फटीत पोचत नाही. निब आणि जीभ दोन्ही चिमटीत धरून हळूच फिरवून जागेवर आणता येतात. नंतर भिंगातून टोकाकडे समोरून पाहावे. दोन्ही अग्रे एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल, तर पेन कागद खरवडते. वरच्या अग्रावर अंगठ्याच्या नखाने हलका दाब द्यावा, पुन्हा पाहावे, पुन्हा द्यावा. एका दाबात काम करण्याची घाई ज्याला होते, त्याला नवी निब विकत घ्यावी लागते.

चाचणीसाठी आपल्या लिपीसारखी सोय दुसरी नाही. कागदावर एक लांब शिरोरेषा ओढा, हाताचा दाब न देता, केवळ पेनाच्या वजनाने. रेषा मध्येच तुटली तर शाई कमी उतरते आहे. रेषेच्या शेवटी शाईचे तळे साचले तर जास्त. मग मोठा ‘ळ’ सावकाश गिरवा. या एका अक्षरात निब वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी सर्व दिशांना फिरते. कोणत्या वळणावर खरखर लागते ते हाताला लगेच कळते. खरखर अगदी थोडी असेल, तर अतिशय बारीक पॉलिश कागदावर शाईसह असेच आठ-दहा ‘ळ’ काढावेत आणि थांबून साध्या कागदावर पाहावे. निबेचे टोक घासले गेले की ते परत येत नाही. पाटीवर निब घासून ‘मऊ’ करणारे माझे एक-दोन मित्र होते. त्यांची पेने काही दिवस लोण्यासारखी चालत आणि मग जाड रेघांपलीकडे काही लिहीत नसत.

आता डागांकडे येऊ, कारण या पेनांची सर्वाधिक बदनामी डागांनीच केली आहे. पेन गळते ते काठोकाठ भरल्यामुळे, अशी बहुतेकांची समजूत असते. खरा प्रकार उलटा आहे. भरलेल्या पेनात हवा नसल्यातच जमा असते. शाई संपत आली की दांड्यात हवाच अधिक होते, आणि हवा तापली की फुगते. थोडा हिशेब करून पाहा. दांड्यात तीन मिलिलिटर हवा आहे आणि हाताच्या उबेने ती दहा अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे तिसाव्या हिश्शाने वाढते. म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग. तेवढीच शाई ती बाहेर ढकलते. मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले, तर हे झाले दोन थेंब. जिभेच्या अंगावर आडव्या खाचा असतात, त्या अशी जादा शाई तात्पुरती धरून ठेवण्यासाठीच. परंतु स्वस्त पेनात त्या थोड्या आणि उथळ असतात. एखादा थेंब त्या सोसतील, दोन सोसत नाहीत. मग वहीवर टपकन डाग पडतो आणि आपण पेनवाल्याला दोष देतो.

म्हणून निम्मी शाई संपताच पेन पुन्हा भरावे. भरताना आट्यांच्या खाली बोटभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर मान आवळताना शाई उसळून बाहेर येते. आटे फडक्याने कोरडे पुसावेत. तेथून शाई पाझरत असेल, तर आम्ही आट्यांवर मेणबत्ती किंचित घासत असू. आता त्यासाठी सिलिकॉनचे वंगण मिळते, ते अधिक चांगले. परीक्षेच्या दिवशी पेन सकाळीच भरून न्यावे, आणि मधूनमधून ते खाली ठेवून हात मोकळा करावा. हाताला विश्रांती मिळते आणि पेनालाही गारवा मिळतो.

प्रवासात याहून मोठी गंमत होते. मुंबईहून गाडी खंडाळ्याचा घाट चढते, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतो आणि पेनातील हवा तितक्या प्रमाणात फुगू पाहते. अर्धवट रिकामे पेन पिशवीत आडवे पडलेले असेल, तर पुण्याला पोहोचेपर्यंत टोपणात शाई जमलेली असते. तेच पेन खिशात निब वर करून उभे ठेवले, तर शाई तळाशी राहते आणि फुगलेली हवा तेवढी निघून जाते.

शाई मात्र पेनाचीच हवी. नकाशे काढण्याची काळी जलरोधक शाई यात कधीही घालू नये. तिच्यातील राळ पन्हळीत वाळून बसते. दोन निरनिराळ्या शायाही मिसळू नयेत. मे महिन्याच्या सुटीत पेन वापरायचे नसेल, तर ते रिकामे करून ठेवावे. तसे करायचे राहून गेले आणि जूनमध्ये ते गच्च वाळलेले सापडले, तरी निराश होऊ नका. मान काढून रात्रभर पेलाभर पाण्यात उभी ठेवा. थोड्याच वेळात निबेच्या फटीतून निळा धागा निघून पेल्याच्या तळाकडे उतरू लागेल. सकाळी पाणी बदला, आणि पाणी निवळ दिसेपर्यंत बदलत राहा.