पांढरी गाडी लाल होताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली पांढरी हॅचबॅक. मोबाइलवर तिचा फोटो काढायचा, फोटोशॉपमध्ये उघडायचा आणि तिला गडद लाल करायचं. काम पाच मिनिटांचं वाटतं. बॉनेट, दारं, बंपर यांच्या कडेने पेन टूल फिरवून सिलेक्शन केलं, वर लाल रंगाचा लेअर टाकला, त्याचा ब्लेंडिंग मोड ‘कलर’ ठेवला की झालं! पण पडद्यावर दिसणारी गाडी लाल नसते. ती फिकट गुलाबी असते, बालवाडीच्या भिंतीसारखी.

यामागचं गणित एकाच पिक्सेलवर करून बघता येतं. पिक्सेल म्हणजे तीन आकडे. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. समजा, पांढऱ्या दारावरचा ठिपका २४०, २४०, २४० आहे आणि हवा असलेला लाल १५०, ०, २०. ‘कलर’ मोड मूळ फोटोतला उजळपणा तसाच राखतो आणि वरच्या लेअरमधून फक्त रंगछटा उचलतो. हा उजळपणा मोजताना लाल आकड्याला ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन मिळतं, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश जास्त उजळ भासतो. आता या ठिपक्याने लाल तर व्हायचं, पण उजळपणा २४०च ठेवायचा. उत्तर येतं २५५, २३३, २३६. म्हणजे गुलाबी. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं.

जाणकार म्हणूनच ‘मल्टिप्लाय’ मोड निवडतात. यात दोन आकड्यांचा गुणाकार करून २५५ने भागतात. दारावरचा ठिपका होतो १४१, ०, १९. अस्सल गडद लाल. दाराच्या खाचेतल्या सावलीचा ठिपका ६० असेल, तर तो ३५, ०, ५ होतो. सावली सावलीच राहते. इथवर सगळं छान. पण बॉनेटवर सूर्य चमकतो तो ठिपका २५५ असतो, तोही १५०, ०, २० होऊन बसतो. चमक गेली, आणि गाडी विटेची बनवल्यासारखी दिसू लागली.

खरी लाल गाडी उन्हात उभी असली तरी तिच्यावरची चमक पांढरीच असते. रंगाच्या थरावर पारदर्शक लॅकरचा, म्हणजे क्लिअर कोटचा, थर असतो. काही प्रकाश या थराच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. खालच्या रंगाशी त्याची गाठच पडत नाही. सरळ समोरून पाहिलं तर हे परावर्तन जेमतेम ४ टक्के असतं. नजर तिरपी होत जाते तसं ते वाढतं. त्यामुळे ड्रायव्हरच्या दारापाशी वाकून बॉनेटकडे पाहिलं, तर त्यात रंगापेक्षा आकाश जास्त दिसतं. म्हणजे गाडीच्या फोटोत दोन चित्रं एकात एक मिसळलेली असतात. एक रंगाचं आणि दुसरं आजूबाजूच्या जगाचं. बदलायचं असतं फक्त पहिलं. चांगला कलाकार चमक वेगळी काढून, खालचं चित्र फक्त उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ मोडच्या लेअरमध्ये परत चढवतो. पांढऱ्या गाडीत रंग २४० आणि चमक २५५, त्यामुळे दोन्ही वेगळं करताना डोळे दुखतात. काळ्या गाडीत उलटी पंचाईत होते. प्रतिबिंबं लख्ख दिसतात, पण पांढरी करायला लागणारी उजेड-सावलीची माहिती फोटोत जवळपास नसतेच. सगळ्यांत गुणी गाडी करड्या रंगाची.

ही लेअरची सोय फोटोशॉपमध्ये पहिल्यापासून नव्हती. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली करड्या छटांची चित्रं दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन तेव्हा ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या चित्रपटांचे व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीत होते, त्यांनी तो वाढवायचा आग्रह धरला. अ‍ॅडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली फेब्रुवारी १९९० मध्ये. लेअर आले १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत.

रंगानंतर चाकांची पाळी. इथे बहुतेक हौशी मंडळी आपटतात. तिरक्या कोनातून गोल चाक लंबवर्तुळ दिसतं, आणि पुढच्या-मागच्या चाकांची लंबवर्तुळं सारखी नसतात. एकच अलॉय व्हील दोन्हीकडे चिकटवलं की गाडी लंगडी दिसते. गाडी खाली बसवायची असेल तर चाकावरच्या कमानीतली फट कमी करून भागत नाही, पोटाखालची सावलीही सरकवावी लागते. टायर जमिनीला टेकतो तिथे ती सर्वांत गडद असते. (खऱ्या गाडीबाबत हा हट्ट आपल्याकडचे स्पीडब्रेकर चालू देत नाहीत, ते वेगळं.)

जाहिरातवाल्यांनी तर चित्रीकरणातून खरी गाडीच वगळता येईल अशी सोय केली. लंडनच्या ‘द मिल’ या स्टुडिओने २०१६ मध्ये ‘ब्लॅकबर्ड’ नावाचा चालता सांगाडा दाखवला. त्याची लांबी-रुंदी कमी-जास्त करता येते, चाकं बदलता येतात. तो रस्त्यावर धावताना कॅमेरे आणि लेझर स्कॅनर भोवतालच्या परिसराची नोंद घेतात आणि नंतर संगणक हवी ती गाडी त्यावर चढवतो. भोवतालचा प्रकाश टिपून तोच खोट्या वस्तूवर पाडायचा, ही युक्ती संशोधक पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये एका चकचकीत आरशासारख्या गोळ्याच्या फोटोंवरून करून दाखवली होती.

पडद्यावर सगळं चालतं. प्रत्यक्षात गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. काचाही मनमानी काळ्या करता येत नाहीत. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

गाडीवर रंगीत फिल्म चढवणाऱ्या रॅपवाल्याकडे जाण्याआधी घरीच रंग लावून बघायचा असेल, तर फोटो भर दुपारी काढू नका. उन्हात बॉनेट एकदा २५५ला टेकलं की त्यातली माहिती कुठलाही मोड परत आणत नाही. ढगाळ सकाळ किंवा इमारतीची सावली उत्तम. आणि शेवटची निवड मात्र पडद्यावर करू नका. दुकानातला नमुन्याचा तुकडा बाहेर नेऊन उन्हात धरून बघा.