ईएससीचं बटण दाबण्याआधी

घसरत्या गाडीचं चित्र आणि खाली ‘ऑफ’ असं लिहिलेलं बटण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, बंद करण्यासाठी असतं. स्टिअरिंग वळवलं तशी गाडी वळली नाही, की ही यंत्रणा गरजेच्या चाकालाच ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते. हे काम कसलेल्या ड्रायव्हरलाही जमणारं नाही; त्याच्या पायाखाली चारही चाकांसाठी पेडल एकच असतं.

मुंबईत देवनारला तर ईएससी सुरूच हवं. डंपिंग ग्राउंडकडे जाणारे कचऱ्याचे ट्रक, पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारं तेल आणि फ्रीवेवरून वेगात खाली येणाऱ्या गाड्या! अशा वेळी मागची चाकं घसरली, तर सावरायला क्षणभरही मिळत नाही.

चाक चिखलात किंवा वाळूत रुतून जागीच फिरत असेल, तर तेवढ्यापुरतं ईएससी बंद करावं. गाडी निघाली की लगेच सुरू करा. ईएससी बंद केलं तरी एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुतेक गाड्यांत चालूच राहतं, पण ते ब्रेक दाबल्यावरच कामाला लागतं. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलेलं ईएससी आज भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत ३ किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी आवश्यक आहे.